अडतीस फरश्या, एक हॉल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वस्तू निवडण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! लोक दुकानात जातात, समोर दिसेल त्याला भुलतात, घरी घेऊन येतात आणि मग जन्मभर एकमेकांना 'तूच म्हणाली होतीस', 'तुम्हीच म्हणाला होतात' करत बसतात. आमच्याकडे असला कारभार नाही. मी परीक्षा विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. गुण दिल्याशिवाय मी साधी पेन्सिलसुद्धा विकत घेत नाही. तक्ता काढायचा, रकाने पाडायचे, गुण भरायचे, बेरीज मारायची. पहिला येईल तो घरात, बाकीचे नापास! यात भांडणाला जागाच कुठे उरते?

तर आमचं घर बांधून झालं. म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, आणि आता ते आतून व्हायचं होतं. ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक असेल, भिंती बांधणं हा पोरखेळ आहे. खरी गंमत पुढेच! नळ कुठला, कडी कुठली, खिडकीच्या काचेतून बाहेरचं दिसावं की नुसता उजेड यावा! मी रंगवाल्याला म्हटलं, "पांढरा द्या." त्याने माझ्यापुढे सतरा पांढरे मांडले. सतरा! त्यातला एक मला चक्क पिवळा वाटला. तसं बोलून दाखवल्यावर त्याने दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

पण हे सगळं मी तक्त्यांच्या जोरावर एकहाती निभावलं. फक्त एक गोष्ट माझ्या अखत्यारीत नव्हती. हॉलची फरशी.

त्याचं असं झालं. लग्नानंतरची बावीस वर्षं आम्ही भाड्याच्या घरांत काढली. पाच घरं झाली. खिळा ठोकायचा तरी घरमालकाची परवानगी! एका घरात बाथरूम जांभळं होतं, आणि त्या जांभळ्यात बायकोने सात वर्षं धुणं धुतलं. एका घरात हॉलच्या फरशीला मधोमध अशी भेग होती की पाहुणे आले की बायको तिथे वेताचा मोढा ठेवून त्यावर मलाच बसवायची. तिने कधी तक्रार केली नाही. पण ज्या दिवशी घर बांधायचं ठरलं, त्या दिवशी ती म्हणाली, "बाकी सगळं तुम्ही ठरवा. हॉलची फरशी मात्र माझ्या पसंतीची."

बावीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मला एकदम भरून आलं. मी तिथल्या तिथे शब्द दिला.

आता दिलेला शब्द पाळायलाच हवा. पण एवढी मोठी जबाबदारी बायकोच्या एकटीच्या खांद्यावर टाकायची, हे काही मनाला पटेना. म्हणून मी तिच्या सोयीसाठी एक पद्धत आखली. गावभरचे नमुने मी जमा करायचे, त्यांची रीतसर परीक्षा घ्यायची, आणि पहिल्या तीन नंबरांतून तिने मनसोक्त निवड करायची! संपूर्ण स्वातंत्र्य! फक्त तीनांतून.

फरशीची मोठी दुकानं आमच्याकडे दोनच. समोरासमोर आहेत आणि दोन्ही शेठजी एकमेकांशी बोलत नाहीत. एक चष्मेवाले, एक मिशीवाले. मी चष्मेवाल्यांना म्हटलं, "घेईन तर तुमच्याकडूनच!" त्यांच्याकडून एकोणीस नमुने उचलले. रस्ता ओलांडला. मिशीवाल्यांना म्हटलं, "घेईन तर तुमच्याकडूनच!" तिथूनही एकोणीस उचलले. सगळे दोन फूट बाय दोन फूट. परीक्षेला बसणारे सगळे एकाच इयत्तेतले हवेत, हा माझा कटाक्ष. दोन्हीकडे रजिस्टर पुढे आलं. 'नमुने पंधरा दिवसांत परत करीन' असं लिहिलं होतं, त्याखाली मी झोकात सही ठोकली.

घरी बायकोने विचारलं, "एवढे नमुने? परत करायचे असतील ना?"

आता इथे माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. का निसटलं ते विचारू नका. माणसाला बायकोसमोर थोडं उंच दिसावंसं वाटतं.

"परत? छे! दोघेही म्हणाले, साहेब, तुमच्यासारखा पारखी माणूस आमच्या मालाला हात लावतोय हेच खूप झालं. राहू द्या. आपलेच समजा!"

"काय सांगता!" बायको म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे कौतुक दिसलं त्यासाठी मी आणखी दहा नमुने आणले असते.

मग परीक्षा सुरू झाल्या. नव्या घराच्या हॉलमध्ये, खडबडीत कोब्यावर, मी अडतीसच्या अडतीस नमुने ओळीने मांडले. प्रत्येकावर खडूने नंबर घातला. चहा सांडून डाग किती पडतो, त्याचे दहा गुण. शाई सांडून, दहा. तेल सांडून, दहा. वाटी पाडून आवाज किती होतो, पाच. ओल्या पायाने चालून घसरायला किती होतं, त्याचे पंधरा. या शेवटच्या प्रयोगासाठी मी आमच्या कॉलेजात जाणाऱ्या कन्येची नेमणूक केली. रंग पाहून मत बनू नये म्हणून तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली.

"बाबा, मी तुझी मुलगी आहे की उपकरण?" विसाव्या नमुन्यावर ती म्हणाली.

"बोलू नकोस. घसरलीस का?"

"नाही."

"मग बारा गुण. पुढे चल!"

हे सगळं कोपऱ्यात गोणपाटावर बसून आमचे फरशी मिस्त्री बघत होते. या गृहस्थांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. वय साठीच्या घरात, अंगाने काटकुळे, आणि बोलणं इतकं कमी की पहिले चार दिवस मला ते मुके वाटले होते. पण हात! बाथरूमची फरशी त्यांनी बसवली तेव्हा मी मुद्दाम काचेची गोटी घेऊन तपासायला गेलो. जिथे पाणी जायला हवं तिकडे गोटी आपसूक गेली आणि जाळीवर जाऊन टक्कन थांबली! बाथरूमच्या चारही कोपऱ्यांतून, चारही वेळा! सव्वीस वर्षांत मी कुणाला शंभरापैकी शंभर दिलेले नाहीत. त्या दिवशी हात शिवशिवले.

शुक्रवारी परीक्षा संपली. निकाल लावायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात बायकोच्या बहिणीचा पाय मोडला. पाय प्लॅस्टरमध्ये, घरात करणारं कुणी नाही, त्यामुळे शनिवारी पहाटेच्या गाडीने बायको निघाली. नऊ दिवसांचा मुक्काम.

"त्या हॉलचं..." ती खिडकीतून काहीतरी म्हणू लागली.

"काळजीच करू नकोस!" मी ओरडलो. "तू येशील तेव्हा सगळं तयार असेल!"

गाडी सुटली. आणि आमच्या ऑफिसात पुरवणी परीक्षांचा गोंधळ सुरू झाल्यामुळे बुधवारपर्यंत मला नव्या घराकडे फिरकायलाही झालं नाही.

बुधवारी संध्याकाळी गेलो. दार उघडलं. आणि मी उंबऱ्यावरच थांबलो.

हॉलमध्ये फरशी बसवलेली होती!

कुठली म्हणून काय विचारता? सगळ्या! अडतीसच्या अडतीस! माझे सगळे परीक्षार्थी सिमेंटमध्ये पक्के होऊन माझ्याकडे बघत होते. हॉल चौदा बाय बारा, म्हणजे बेचाळीस फरश्या लागतात. चार कमी पडत होत्या, तिथे स्वयंपाकघरातल्या ओट्याचा उरलेला काळा दगड कापून बसवला होता. सांधे भरलेले, पुसलेले, चकचकीत! आणि मिस्त्री कोपऱ्यात गोणपाटाची घडी घालत होते.

"मिस्त्री!" माझा आवाज चिरकला. "हे काय?"

"झालं," मिस्त्री म्हणाले.

"झालं ते दिसतंय! पण हे... असं... सगळं?"

"सांगितलं तसं केलं."

मी कपाळावर हात मारला. चूक कुणाची, हे मला लख्ख दिसलं. शुक्रवारी निघताना मीच म्हणालो होतो, "मिस्त्री, उद्यापासून हॉल घ्या." मला म्हणायचं होतं की कोबा घासा, साफसफाई करा. आणि समोर काय मांडलेलं? ओळीत अडतीस फरश्या, प्रत्येकीवर नंबर! साहेबांनी नकाशा काढून दिलाय, असंच कुणालाही वाटलं असतं. मालकाने मांडलंय ना? मग बसवा! या कमी बोलणाऱ्या माणसांचं हेच होतं. एकदा विचारलं असतंत तर?

वाईट वाटलं ते फरशीसाठी नव्हे. बावीस वर्षांत बायकोने एक गोष्ट मागितली होती. एक! तीसुद्धा मी माझ्या तक्त्यापायी घालवली होती. तिच्या पसंतीला तीन फरश्यांची जागा ठेवली होती, आता तीही उरली नव्हती. त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

तरीपण नजर खाली गेली ती तिथेच अडकली. कारण, खोटं कशाला बोलू, हॉल सुंदर दिसत होता! मी नंबरवार मांडलेली ओळ मिस्त्रींनी पार मोडली होती. दारापाशी गडद तपकिरी, मग विटकरी, मग मातकट, मग फिकट होत होत खिडकीजवळ दुधासारख्या पांढऱ्या. मधूनच एखादी निळसर, एखादी हिरवी, पण नेमकी तिथेच हवी अशी. काळे चार दगड चार कोपऱ्यांना. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि ते दारापर्यंत पोचेस्तोवर सात रंग बदलत होतं. माझ्या परीक्षेत चहाच्या डागावर सपशेल नापास झालेली एकतीस नंबरची फरशी अशी काही खुलली होती की मला तिची माफी मागावीशी वाटली.

मी खिशातून गोटी काढली. (हो, असते माझ्या खिशात.) हॉलच्या मधोमध ठेवली. ती हलली नाही! आता बघा, दोन दुकानांचा माल, एक फरशी जाड, एक पातळ, एक किंचित पोट आलेली. तरी गोटी हलली नाही! सांध्यावरून बोट फिरवलं तर नखसुद्धा अडकेना.

"मिस्त्री," मी म्हटलं, रागवायचं राहूनच गेलं होतं, "हे रंग असे लावायचे कसे सुचलं तुम्हाला? काय नजर आहे हो!"

मिस्त्री संकोचले. "नजर माझी नाही साहेब. हात माझा."

केवढा विनय! मोठे कारागीर सगळं श्रेय वरच्याला देतात, ते असं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"यातल्या थोड्या... परत काढता येतील का?"

"फुटतील." मग त्यांनी आणखी एक वाक्य बोलून टाकलं, म्हणजे दिवसाचा कोटा संपवला. "मी बसवलेली निघत नाही."

रात्री बायकोचा फोन आला.

"हॉलचं काम झालं का हो?"

"हो. म्हणजे, झालंय."

"कसं दिसतंय?"

"वेगळं!"

"वेगळं म्हणजे? तुम्हाला नाही आवडलं?"

"माझ्या आवडीचं काय घेऊन बसलीस! पाय कसा आहे बहिणीचा?"

"पाय बरा आहे. तुम्ही रागावलात का?"

"मी? मी कशाला रागावू? ठेवतो, दारावर कोणीतरी आलंय!" दारावर कुणीही नव्हतं. पुढचे तीन दिवस ती फोन करायची आणि माझ्या दारावर रोज कुणीतरी यायचं.

कन्या म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाक ना तिला."

"सांगेन. योग्य वेळी."

"ती कधी?"

"ती आल्यावर. तिने फरशी पाहिल्यावर. आणि मी गच्चीत असताना."

आणि शनिवारी, मी नव्या घरी असताना, दारावर खरोखरच कुणीतरी आलं. चष्मेवाले शेठ! हातात रजिस्टर.

"साहेब, पंधरा दिवस कालच भरले. नमुने?"

मी त्यांना सन्मानाने हॉलमध्ये नेलं. "हे काय," मी म्हटलं, "सगळे व्यवस्थित आहेत. एकही हरवलेला नाही."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "साहेब, हे तर बसलेत!"

"तसं म्हणता येईल."

"अहो, मग मी गिऱ्हाइकाला दाखवू काय? काही नमुने एकेकच होते माझ्याकडे! आता कुणी तो मातकट मागितला, तर?"

मी गोरामोरा झालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "तर पाठवा इकडे! इथे येऊन बघतील!"

मंडळी, जीभ ही वस्तू निवडताना मी तक्ता काढला नव्हता. तासाभरात पहिलं जोडपं आलं. "मातकट बघायचीय. शेठनी पाठवलं. दुसरी रांग, चौथी." मी दाखवली. बाईंनी चप्पल काढून पाय ठेवला आणि म्हणाल्या, "ही बरी आहे, पण तिच्या शेजारची निळसर काय छान आहे हो!"

निळसर मिशीवाल्यांची होती.

जोडपं सरळ मिशीवाल्यांच्या दुकानात गेलं आणि म्हणालं, "त्या नव्या घराच्या हॉलमध्ये तुमची निळी पाहिली, तीच हवी." मिशीवाल्यांना पत्ता लागला. त्यांनीही आपली गिऱ्हाइकं धाडली. रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या हॉलमध्ये तेवीस माणसं होती! कुणी ओणवं होऊन सांधे बघतंय, कुणी टिचकी मारून आवाज ऐकतंय. एका आजोबांनी येताना स्वतःची घडीची खुर्ची आणली होती. ती ते प्रत्येक फरशीवर ठेवून, तिच्यावर बसून, "हं" म्हणून पुढच्या फरशीवर जात होते. भिंतीला मी चिकटवलेला गुणांचा तक्ता कुणीतरी मोठ्याने वाचला, आणि मग एका काकूंनी थर्मासमधला चहा सत्तावीस नंबरवर ओतला!

"अहो काकू, हे काय!"

"तुम्हीच लिहिलंय ना, डाग, दहा गुण? मी खात्री करतेय."

गर्दी वाढली तशी कन्येने दारात दोरी बांधली आणि पाच-पाच जणांना आत सोडायला सुरुवात केली. तिला मी इतकी आनंदात कधी पाहिलेली नव्हती. आणि जो तो बाहेर पडताना एकच विचारत होता, "मिस्त्री कोण हो तुमचे? नंबर द्या ना!" मिस्त्री आपले अंगणात मागच्या पायरीची फरशी बसवत होते. लोकांनी त्यांना गराडा घातला. एवढी स्तुती कानावर पडत होती, पण त्यांनी मान वर केली नाही. पायरी ओली होती, आधी ती!

तेवढ्यात दोन्ही शेठजी, आपापलं रजिस्टर घेऊन, एकाच वेळी दारात! बारा वर्षांच्या अबोल्यानंतर पहिल्यांदा एका छपराखाली.

"माझ्या फरश्यांमुळे हॉल उठून दिसतोय!" चष्मेवाले.

"तुमच्या मातकटांना माझ्या पांढऱ्यांनी उजळवलंय!" मिशीवाले. मग दोघांनाही एकाच क्षणी काहीतरी उमगलं आणि दोघेही माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात, घेईन तर तुमच्याकडूनच!"

मी तोंड उघडलं. आणि दारातून आवाज आला, "ओ बाई, चपला बाहेर! मध्ये कुठे घुसता? रांग आहे ना?"

हे खुर्चीवाले आजोबा ओरडले होते. आणि ते माझ्या बायकोवर ओरडले होते. बहिणीचा पाय लवकर सुधारल्याने ती एक दिवस आधीच आली होती. हातात पिशवी, खांद्यावर बॅग, आणि समोर, आयुष्यातल्या पहिल्या स्वतःच्या घरात, चपला बाहेर काढून रांगेत उभं राहायचा हुकूम!

तिने चपला काढल्या. रांगेत उभी राहिली नाही. सरळ आत आली आणि हॉलच्या मधोमध जाऊन थांबली. गर्दी आपोआप बाजूला झाली. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण फरशी मिस्त्रींनी बसवलेली होती, ती काय दुभंगणार!

ती हळूहळू चालली. दारापासून खिडकीपर्यंत. अनवाणी. प्रत्येक फरशीवर एक एक पाऊल. खिडकीशी जाऊन मागे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"ऐक," मी पुढे झालो. "सगळी चूक माझी. मिस्त्रींचा काही दोष नाही. मी नमुने मांडून ठेवले होते, त्यांना वाटलं हेच बसवायचंय. तुला शब्द दिला होता, तो मोडला. तू म्हणशील तर सगळी उखडू. फुटली तर फुटली. तुला हवी ती एक फरशी घेऊ. एकसारखी, पूर्ण हॉलभर."

बायकोने पिशवी खाली ठेवली. "उखडायची? अहो, मीच सांगितलं होतं मिस्त्रींना!"

"काय सांगितलं होतं?"

"हेच! निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी इथे आले होते. तुमच्या सगळ्या फरश्या उचलून मी पुन्हा मांडल्या. तीन तास लागले. मिस्त्री एक एक उचलून देत होते. काळे दगड कोपऱ्यात घाला, हेही मीच म्हटलं. गाडीत बसताना सांगत होते, तर तुम्ही 'काळजी करू नकोस' ओरडलात. फोनवर विचारत होते, तर तुमच्या दारावर कुणीतरी येत होतं. मला वाटलं तुमचा तक्ता मोडला म्हणून तुम्ही रुसलात!"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते मागच्या दारातून डोकावत होते.

"मिस्त्री, अहो, बोलायचं नाही का?"

"बोललो की," मिस्त्री म्हणाले. "हात माझा म्हणालो."

"पण तू एक फरशी निवडणार होतीस ना?" मी बायकोला विचारलं.

"आले होते एकच निवडायला. पण बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो. आणि एकदम अडतीस पुढ्यात आल्यावर एकीवर भागेल कसं?" ती खाली बघत म्हणाली. "मला सगळ्याच आवडल्या. आणि तुम्हीच म्हणालात ना, आपल्याच आहेत म्हणून? नाहीतर माझी काय बिशाद!"

हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं सत्तावीस नंबरवाल्या काकू. आणि मला विचाराल, तर त्या टाळ्या पुऱ्या पडणाऱ्या नव्हत्या. मी सव्वीस वर्षं गुण दिले. हिने तीन तासांत, हातात कागद नसताना, नापासांना शेजारी शेजारी बसवून सगळ्यांना पहिल्या वर्गात आणलं होतं! ही बाई बावीस वर्षं माझ्याबरोबर राहत होती आणि तिला हे येतं, याचा मला पत्ता नव्हता. त्या वेळी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी आजोबांच्या खुर्चीवर बसून घेतलं.

"पण काय हो," बायको म्हणाली, "हे शेठजी इथे कशाला आलेत? आणि हातात रजिस्टर का?"

आता आली का पंचाईत! जे लपवायला चार दिवस जीव काढला ते तिचंच होतं, आणि जे सांगायला हवं होतं ते तसंच राहिलं होतं. चष्मेवाल्यांनी लगेच रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरलं. मिशीवाल्यांनीही धरलं. दोन्हीकडे माझी झोकदार सही. 'पंधरा दिवसांत परत करीन.'

बायकोने दोन्ही वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताचा पांढरा खरंच पिवळा होता.

"पारखी माणूस," ती एवढंच म्हणाली.

मग तिने पदर खोचला आणि पाच मिनिटांत सगळं निपटलं. गच्चीची फरशी चष्मेवाल्यांची, अंगणाची मिशीवाल्यांची. नमुने इथेच राहणार, त्याबद्दल दोघांनी एकमेकांना दोष द्यायचा नाही. आजचा दिवस लोकांना बघू द्यायचं, उद्यापासून हे घर आहे, दुकान नाही. काकूंना फडकं दिलं, आजोबांना पाणी दिलं. दोन्ही शेठजी जाताना एकत्र गेले, आणि चक्क बोलत गेले! त्या गच्चीच्या फरशीचा माझा तक्ता महिनाभर चालला होता, पण त्याची आठवण कुणालाही झाली नाही. मीही काढली नाही.

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर बायको म्हणाली, "सगळं मीच ठरवलं असं नको व्हायला. तुमच्याही पसंतीचं काहीतरी हवं घरात. पायपुसणं तुम्ही आणा. अगदी तुमच्या मनासारखं."

सोमवारीच मी बाजारात गेलो. तक्ता तयार होता: पाणी शोषणे दहा, माती धरणे दहा, घडी न पडणे पाच. दुकानदाराला म्हटलं, "अकरा नमुने द्या. परीक्षा घेऊन आठ दिवसांत परत करतो. कुठे सही करू?"

त्याने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने हसून रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "नमुने देतो की साहेब. हवे तेवढे देतो. पण सही वहिनींची आणा."